निर्बीजीकरणानंतर राखणीच्या कुत्र्याचे वजन

शेतवस्तीवर राखणीसाठी कुत्रे बाळगण्याची प्रथा आपल्याकडे फार जुनी आहे. खळ्यावरील धान्य, गोठ्यातील वासरे, खुराड्यातील कोंबड्या आणि रात्री-अपरात्री एकटे असलेले घर यांची राखण करण्याच्या कामी कुत्र्याइतका स्वस्त व विश्वासू सोबती दुसरा नाही. तथापि, बैलाच्या किंवा दुभत्या जनावराच्या आहाराकडे जितके लक्ष दिले जाते तितके कुत्र्याच्या आहाराकडे सहसा दिले जात नाही. उरलेसुरले त्याच्यापुढे टाकावे आणि त्याने ते खावे, एवढाच काय तो रिवाज. एरवी हा रिवाज कसाबसा निभावून जातो. परंतु कुत्र्याचे निर्बीजीकरण झाले म्हणजे तो निभावत नाही. त्या शस्त्रक्रियेनंतर कुत्र्याच्या शरीराची गरज बदलते आणि मालकाचा हात मात्र पूर्वीप्रमाणेच चालू राहतो. परिणामी सहा-आठ महिन्यांत कुत्रे अंगाने सुटते.

एखाद्या वस्तीवरील नेहमीचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. मालकाने गावातील शिबिरात आपल्या मोत्याचे निर्बीजीकरण करून घेतलेले असते. मोत्याचे भटकणे थांबते, दुसऱ्या कुत्र्यांशी होणाऱ्या मारामाऱ्या कमी होतात, म्हणून घरातील मंडळी समाधानी असतात. पुढे दिवाळी येते, उसाची तोड येते, आणि पूर्वी बांधावरून हरणासारखा धावणारा मोत्या दारातील पायरी चढतानाही धापा टाकू लागतो. शेजारी विचारतो, “दादा, कुत्र्याला झालं तरी काय?” मालक उत्तर देतो, “आपरेशन केलं आणि कुत्रं बिघडलं बघा.” हे एक वाक्य पारावर पोहोचते आणि पुढील शिबिरास गावातून दहा कुत्री यावयाची तेथे दोनही येत नाहीत.

खरे पाहता कुत्रे शस्त्रक्रियेने बिघडलेले नसते. ते रोजच्या न बदललेल्या भाकरीने बिघडलेले असते. एवढी एक गोष्ट शेतकरी बंधूंच्या व गावपातळीवरील कार्यकर्त्यांच्या नीट ध्यानात आली, तर कुत्र्याचे आरोग्य व निर्बीजीकरणावरील गावाचा विश्वास ही दोन्ही सांभाळता येतील.

निर्बीजीकरण कशासाठी?

नराच्या बाबतीत वृषण काढून टाकणे व मादीच्या बाबतीत अंडाशय, बहुधा गर्भाशयासह, काढून टाकणे यास निर्बीजीकरण म्हणतात. कुत्री साधारणपणे वर्षातून दोन वेळा माजावर येते आणि सुमारे ६३ दिवसांत विते. एका वेताला चार-सहा पिल्ले झाली, तर त्यांतील बहुतेकांना घर मिळत नाही. ती रस्त्यावर वाढतात, लसीवाचून राहतात आणि गावाच्या डोकेदुखीचा विषय होतात. निर्बीजीकरणाने ही वाढ थांबते. शिवाय मादीच्या गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा विकार टळतो, लहान वयात शस्त्रक्रिया केल्यास सडांच्या गाठींचे प्रमाण पुष्कळ कमी होते, आणि नर-मादीच्या संबंधातून पसरणाऱ्या जननेंद्रियांच्या गाठींपासूनही कुत्र्याचा बचाव होतो. केंद्र शासनाच्या २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे पाळीव कुत्र्याचे जंतनाशन, लसीकरण व निर्बीजीकरण यांची जबाबदारी मालकावर ठेवलेली आहे. निर्बीजीकरण केले म्हणजे रेबीजची लस नको, अशी समजूत मात्र कोणी करून घेऊ नये. लस दरवर्षी टोचून घेणे जरूर आहे.

इतक्या हिताची गोष्ट केवळ आहाराच्या दुर्लक्षामुळे बदनाम व्हावी, हे योग्य नव्हे.

कुत्रे अंगाने का सुटते?

यातील मूळ तत्त्व शेतकऱ्यास नवीन नाही. खच्ची केलेला बोकड न केलेल्या बोकडापेक्षा अंगावर चरबी लवकर धरतो, हे तो पिढ्यान्पिढ्या पाहत आला आहे. बोकड मांसासाठी असतो, तेव्हा तेथे ही चरबी लाभाची ठरते. कुत्रे राखणीसाठी असते, म्हणून येथे तीच चरबी तोट्याची ठरते. बैलाचे उदाहरण याहून बोलके आहे. औत चालू असताना बैलाला पेंड व आंबोण भरपूर दिले जाते आणि औते बंद झाली की ते कमी केले जाते. कामाप्रमाणे खुराक, हा नियम गोठ्यात पाळला जातो. तोच उंबऱ्यापाशी बसलेल्या कुत्र्यासही लावावयाचा आहे.

निर्बीजीकरणानंतर तीन बदल एकाच वेळी घडून येतात. पहिला असा की, शरीरास लागणारी शक्ती कमी होते. अनेक प्रयोगांत ही घट सुमारे २० ते ३० टक्के आढळली आहे. दुसरा असा की, भूक कमी न होता उलट वाढते. जननग्रंथींतून स्रवणारे काही द्रव्य, विशेषतः मादीमधील, भुकेला आवर घालीत असते. ग्रंथी गेल्यावर हा आवर सुटतो. तिसरा बदल म्हणजे जोडीच्या शोधात मैल-मैल होणारी भटकंती थांबते. खर्च कमी आणि जमा जास्त झाली की शिल्लक वाढावयाचीच. कुत्र्याच्या शरीरात ही शिल्लक चरबीच्या रूपाने साठते. ही वाढ शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही महिन्यांतच जोर धरते. यास्तव पहिले वर्ष विशेष दक्षतेचे समजावे.

धनगर मेंढपाळांच्या वाड्याबरोबर रोज कोसच्या कोस चालणारे कुत्रे लठ्ठ झालेले क्वचितच दिसते. तेच कुत्रे एका जागी साखळीला बांधून तीच भाकरी घातली, तर त्याचे अंग भरू लागते. यावरून दोष शस्त्रक्रियेत नसून हिशेबात आहे, हे स्पष्ट व्हावे.

जास्त वजनाचे तोटे

“खात्या-पित्या घरचे कुत्रे जरा भरलेले असले तर बिघडले कोठे?” असा प्रश्न काही जण विचारतात. त्याचे उत्तर असे की, पुष्कळ बिघडते. वाढलेल्या वजनाचा भार सांध्यांवर पडून कुत्रे लंगडू लागते, उठताना-बसताना कण्हते. चरबीच्या थरामुळे अंगातील उष्णता बाहेर पडण्यास अडथळा होतो. आपल्याकडील, विशेषतः विदर्भ-मराठवाड्यातील, उन्हाळ्यात असे कुत्रे उष्माघातास लवकर बळी पडते. श्वास लागतो, मधुमेहासारख्या विकारांचा धोका वाढतो आणि पुढे कधी शस्त्रक्रियेची वेळ आली तर भूल देणेही जोखमीचे होते. उसाच्या पट्ट्यात वस्तीजवळ बिबट्याचा वावर असतो आणि कुत्रे हे त्याचे नेहमीचे भक्ष्य आहे. जड झालेले व साखळीला बांधलेले कुत्रे रात्री उघड्यावर राहिले, तर त्याला पळताही येत नाही.

अमेरिकेत १९८७ साली सुरू झालेल्या एका दीर्घ प्रयोगाचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. त्यात लॅब्रॅडोर जातीच्या ४८ कुत्र्यांच्या जोड्या लावण्यात आल्या. प्रत्येक जोडीतील दोन्ही कुत्री एकाच वेतातील होती. जोडीतील एकास जितके अन्न दिले त्यापेक्षा २५ टक्के कमी अन्न दुसऱ्यास जन्मभर देण्यात आले. कमी खाणाऱ्या गटाचे मध्यम आयुर्मान १३ वर्षे भरले, तर जास्त खाणाऱ्या गटाचे ११.२ वर्षे. सांध्यांचे विकारही कमी खाणाऱ्या गटात उशिरा सुरू झाले. म्हणजे बेताचे खाणे मिळालेल्या कुत्र्यांना सुमारे पावणेदोन वर्षे अधिक आयुष्य लाभले. कुत्र्याच्या आयुष्यात पावणेदोन वर्षे ही थोडीथोडकी नव्हेत.

हाताने करावयाची परीक्षा

कुत्रे लठ्ठ आहे किंवा नाही, हे नुसत्या नजरेने ठरवू नये, कारण दाट केसांखाली चरबी लपून राहते. त्यासाठी हाताची परीक्षा उत्तम. प्रथम आपल्या एका हाताची मूठ वळून बोटांच्या उंच सांध्यांवरून दुसऱ्या हाताची बोटे फिरवावीत. कुत्र्याच्या बरगड्या अशा टोचऱ्या लागल्या तर कुत्रे रोड आहे. नंतर हात सपाट धरून त्याच्या पाठीकडील बाजूवरून बोटे फिरवावीत. हाडे हाताला सहज लागतात, पण त्यांवर पातळ आवरण जाणवते. बरगड्या अशा लागल्या तर कुत्रे योग्य अंगाचे आहे. शेवटी तळहाताच्या अंगठ्याखालील मांसल भागावर बोटे फिरवावीत. बरगड्या शोधताना असा मऊपणा लागला आणि हाडासाठी बोट दाबावे लागले, तर कुत्रे लठ्ठ झाले आहे असे समजावे.

याच्या जोडीला दोन गोष्टी पाहाव्यात. वरून पाहिले असता बरगड्यांच्या मागे कमर आत गेलेली दिसावी आणि बाजूने पाहिले असता पोट मागच्या पायांकडे वर चढत गेलेले दिसावे. पाठ पाटासारखी रुंद व पोट सरळ रेषेत दिसले, तर खुराक कमी करण्याची वेळ आली आहे. मात्र कारवान, पश्मी अशा शिकारी बांध्याच्या कुत्र्यांच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या थोड्या दिसणे, ही त्यांची नैसर्गिक ठेवण होय. ते उपाशी आहेत असे समजून त्यांना चारू नये.

पोट मोठे परंतु पाठ व बरगड्या उघड्या पडलेल्या, असे कुत्रे दिसल्यास ती चरबी नव्हे. जंत किंवा पोटात पाणी होणे हे त्याचे कारण असू शकते. त्यास पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे.

वजन कसे करावे?

हाताच्या परीक्षेला काट्याची जोड असावी. त्यासाठी वेगळा खर्च करण्याचे कारण नाही. धान्याच्या किंवा दूध संकलनाच्या ठिकाणी माणूस उभा राहू शकेल असा सपाट काटा असल्यास तेथे मालकाने कुत्र्याला उचलून उभे राहावे, मग कुत्रे खाली ठेवून एकट्याने उभे राहावे. दोन आकड्यांतील फरक हे कुत्र्याचे वजन होय. मोठ्या कुत्र्यास काट्यावर बसावयास शिकवावे.

पहिले वजन शस्त्रक्रियेच्या दिवशीच करून लिहून ठेवावे. हा आकडा म्हणजे पुढील सर्व हिशेबाचे मूळ होय. त्यानंतर वर्षभर दर महिन्यास एक वेळ, शक्यतो सकाळी खाण्यापूर्वी, वजन करावे. गोठ्याच्या दारामागे एक पुठ्ठा टांगून त्यावर महिना, वजन व बरगड्यांची स्थिती अशा तीन रकान्यांत नोंद ठेवावी. पूर्ण वाढ झालेल्या, योग्य अंगाच्या २० किलोच्या कुत्र्याचे वजन २१ किलो झाले, तर ती सूचना समजावी व लगेच भाकरी कमी करावी. एक किलो उतरविणे सोपे असते. पाच किलो उतरविणे कठीण असते.

भाकरीचा हिशेब

अन्नातून मिळणारी शक्ती उष्मांकांत मोजतात. घरातील नेहमीच्या पदार्थांतून मिळणारे उष्मांक स्थूलमानाने पुढीलप्रमाणे आहेत :

ज्वारीची भाकरी १ (८० ग्रॅम पिठाची) — २७०
म्हशीचे दूध पाव लिटर — २७०
शिजलेला भात १०० ग्रॅम — १३०
तूरडाळ ५० ग्रॅम (शिजवून) — १७०
कोंबडीचे उकडलेले अंडे १ — ७०
तूप १ चहाचा चमचा — ४५
भुईमुगाचे दाणे ३० ग्रॅम — १७०
साधी गोड बिस्किटे ४ — १००

पाव लिटर म्हशीचे दूध व एक भाकरी यांची शक्ती जवळजवळ सारखीच आहे, हे येथे पाहण्यासारखे आहे. “भाकरी कमी केली आणि दूध वाढविले” असे करणारा मालक एका हाताने काढून दुसऱ्या हाताने घालीत असतो.

आता २० किलो वजनाच्या, पूर्ण वाढलेल्या व बेताची हालचाल करणाऱ्या कुत्र्याचा विचार करू. निर्बीजीकरणापूर्वी त्यास दिवसाला सुमारे १,२०० उष्मांक पुरतात. तीन भाकरी, पाव लिटर दूध व १०० ग्रॅम भात यांतून ते मिळतात. निर्बीजीकरणानंतर त्यात एक चतुर्थांश कपात करून सुमारे ९०० उष्मांकांवर यावे. त्यासाठी दोन भाकरी, ५० ग्रॅम डाळ शिजवून, एक अंडे व १०० मिलिलिटर दूध एवढे पुरे होते. या बदलात केवळ अन्न कमी झाले असे नव्हे, तर भाकरी-भाताच्या जागी डाळ व अंडे आल्यामुळे प्रथिनांचे प्रमाण वाढले. प्रथिनांमुळे पोट भरल्यासारखे राहते व मांसपेशी झिजत नाहीत. ज्या घरी अंडे चालत नाही तेथे डाळीचे प्रमाण थोडे वाढवून भाकरी अर्धी कमी करावी.

हा हिशेब सुरुवातीचा आहे. एकाच वजनाच्या दोन कुत्र्यांची गरज सारखी नसते, म्हणून पुढील कमीजास्तपणा काटा व बरगड्या यांच्या साक्षीनेच ठरवावा. केवळ घरच्या अन्नावर वाढणाऱ्या कुत्र्यास चुना व इतर क्षार कमी पडण्याचा संभव असतो, म्हणून योग्य ते खनिज मिश्रण पशुवैद्यकास विचारून द्यावे. जनावरांसाठी आणलेले मिश्रण अंदाजाने घालू नये. तयार कोरडे खाद्य देत असल्यास ते ओंजळीने न देता वजन करून द्यावे. पिशवीवरील पूर्ण मात्रा आणि वर भाकरी, असे दोन्ही देऊ नये.

एक जादा भाकरी किती महाग पडते, हेही पाहावे. शरीरात एक किलो चरबी साठण्यास ढोबळ मानाने ७,७०० उष्मांक लागतात. रोज एक भाकरी जादा गेली तर महिन्याला सुमारे ८,००० उष्मांक जादा जातात, म्हणजे जवळजवळ एक किलो वजन. तीन महिन्यांत २० किलोचे कुत्रे २३ किलोच्या घरात जाते. मालकाच्या नजरेस फरक पडतो तेव्हा निम्मे नुकसान होऊन गेलेले असते.

कपात केव्हापासून करावी?

शस्त्रक्रियेनंतरचे १० ते १४ दिवस विश्रांतीचे असतात. या काळात कुत्र्यास पळू-उड्या मारू देऊ नये, टाके चाटू देऊ नये व हलका आहार द्यावा. “आपरेशन झाले आहे, अशक्तपणा आला असेल” म्हणून तूप-दूध वाढविण्याचे कारण नाही. जखम भरून टाक्यांचे काम संपले की त्याच दिवसापासून नवा हिशेब सुरू करावा. वजन वाढल्यावर कपात करू, असे म्हणणे म्हणजे धान्याला सोंडे लागल्यावर कोठी झाकण्यासारखे आहे. लहान वयात निर्बीजीकरण झालेल्या पिल्लाची वाढ अद्याप चालू असते. त्याचे अन्न एकदम तोडू नये. प्रथिने व क्षार पुरेसे ठेवून बरगड्यांच्या परीक्षेनुसार फक्त जादा भाकरी-भात आवरावा.

एक डबा, एक माणूस

आहार ठरविणे सोपे असते. तो घरात पाळला जाणे कठीण असते. मालक सकाळी भाकरी घालतो, घरधनीण दुपारी भात घालते, मुले शाळेतून आल्यावर बिस्कीट देतात आणि रात्री आजी आपल्या ताटातील घास काढून ठेवते. प्रत्येक जण म्हणतो, “मी थोडेसेच घातले.” ते खरेही असते, परंतु चौघांचे थोडे मिळून पुष्कळ होते.

यावर एक साधा उपाय आहे. कुत्र्याचे दिवसभराचे अन्न सकाळीच मोजून एका झाकणाच्या डब्यात ठेवावे. ज्याला कुत्र्यास काही घालावयाची इच्छा होईल त्याने याच डब्यातून घालावे. डबा रिकामा झाला की दिवसाचे खाणे संपले. डब्याची जबाबदारी घरातील एकाच व्यक्तीकडे द्यावी. शाळेत जाणारी मुलगी किंवा मुलगा हे काम फार चोखपणे करतो. आजींचा घास बंद करण्याची जरूरी नाही. त्यांनी तो ताटातून न काढता डब्यातून काढावा, इतकेच. डब्यातील अन्न दिवसातून दोन वेळा ठरलेल्या वेळी घालावे. स्वच्छ पाणी मात्र सदैव भरलेले असावे.

ढेप-पेंडीची पोती, कोंबड्यांचे खाद्य व व्यालेल्या गाई-म्हशींची वार कुत्र्याच्या तोंडी लागणार नाही अशी व्यवस्था करावी. शेजाऱ्यांनाही डब्याची कल्पना द्यावी. नाहीतर घरचा हिशेब शेजारच्या अंगणात मोडतो.

जे मुळीच देऊ नये

कांदा व लसूण यांमुळे कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशींचा नाश होतो, म्हणून डाळ फोडणीची न देता साधी शिजवलेली द्यावी. द्राक्षे व बेदाणे यांनी कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. नाशिक-सांगलीकडील बागाईतदारांनी तोडणीच्या व बेदाणा वाळविण्याच्या काळात कुत्र्यावर विशेष नजर ठेवावी. चॉकलेट देऊ नये. शिजलेली हाडे फुटून त्यांचे अणकुचीदार तुकडे आतड्यात रुततात. बुरशी आलेली भाकरी, मका किंवा भुईमुगाची पेंड यांत यकृतास घातक असे विष असू शकते; “वाया जाण्यापेक्षा कुत्र्याला” हा विचार येथे जीवावर बेततो. गूळ, तळलेले पदार्थ व लग्नकार्यातील उष्टे यांपासूनही त्यास दूर ठेवावे.

हालचाल

राखणीचे कुत्रे दिवसभर साखळीला बांधून ठेवण्याची चाल बंद व्हावी. सकाळी व सायंकाळी मालक पाणी धरावयास किंवा बांधावरून फेरी मारावयास निघाला की कुत्र्यास बरोबर न्यावे. लठ्ठ झालेल्या कुत्र्यास एकदम धावडवू नये. प्रारंभी १५ मिनिटे चालवावे व हळूहळू अर्ध्या-पाऊण तासापर्यंत न्यावे. दुपारच्या उन्हात व तापलेल्या डांबरी रस्त्यावर चालविणे टाळावे. मात्र केवळ चालण्याने वजन उतरेल असा भरवसा धरू नये. चालण्याने स्नायू व सांधे चांगले राहतात; वजन मुख्यतः डब्यानेच ताब्यात राहते.

वाढलेले वजन उतरविणे

ज्यांचे कुत्रे आधीच लठ्ठ झाले आहे त्यांनी निराश होऊ नये, तसेच घाईही करू नये. उपाशी ठेवणे हा उपाय नव्हे. दर आठवड्यास वजनाच्या १ ते २ टक्के घट पुरेशी आहे. समजा, २० किलोचे कुत्रे २४ किलोचे झाले आहे. आठवड्यास पाव किलो या वेगाने ते सुमारे चार महिन्यांत मूळ वजनावर येईल. या काळात त्यास सुमारे ६५० उष्मांक द्यावेत. दीड भाकरी, ५० ग्रॅम डाळ व एक अंडे यांतून ते मिळतात. भूक भागावी म्हणून त्यात उकडलेला दुधी किंवा लाल भोपळा, गाजर, घेवडा अशी भाजी मीठ-तिखट न घालता मिसळावी. लोणी काढलेले पातळ ताक मानवत असल्यास थोडे द्यावे. अशी कपात चार-चार महिने चालवावयाची असल्यामुळे ती पशुवैद्यकास दाखवून सुरू करणे हितावह होय.

कुत्रे भाकरीसाठी दाराशी कुंई-कुंई करील, पहिले दोन आठवडे मन घट्ट करावे लागेल. डोळ्यांत पाहून घातलेली भाकरी ही माया खरी, पण तिचे ओझे पुढे त्याच्याच सांध्यांना वाहावे लागते.

सहा आठवडे मोजून खाऊ घातल्यानंतरही वजन उतरले नाही, अंगावरचे केस दोन्ही बाजूंनी सारखे विरळ होऊ लागले, कुत्रे सुस्त व थंडीला नाजूक झाले, किंवा तहान व लघवी फार वाढली, तर ग्रंथींचा विकार किंवा मधुमेह यांची शंका घेऊन रक्ततपासणी करून घ्यावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांचे कर्तव्य

शिबिर भरविणे, कुत्री जमविणे व शस्त्रक्रिया पार पडणे येथेच काम संपले असे कार्यकर्त्यांनी समजू नये. शिबिराच्या दिवशी प्रत्येक कुत्र्याचे वजन करून ते मालकास कागदावर लिहून द्यावे. टाक्यांच्या तपासणीच्या वेळी “आजपासून चौथा हिस्सा कमी” हे वाक्य मालकास व विशेषतः घरातील स्त्रियांस समजावून सांगावे. कारण भाकरी त्यांच्या हातची असते. पुढे एक, तीन व सहा महिन्यांनी इतर कामासाठी वस्तीवर जाणे होईल तेव्हा दोन मिनिटे थांबून बरगड्यांवर हात फिरवून पाहावा.

सुधारित बियाण्याचा प्रसार व्याख्यानांपेक्षा निदर्शनाच्या प्लॉटमुळे अधिक होतो, हा कार्यकर्त्यांचा नेहमीचा अनुभव आहे. निर्बीजीकरणाचेही तसेच आहे. गावात एक निर्बीज कुत्रे सडसडीत, चपळ व तुळतुळीत अंगाचे राहिले, तर ते चालतेबोलते निदर्शन ठरते. उलट एक कुत्रे लठ्ठ होऊन धापा टाकू लागले, तर दहा भाषणांचा परिणाम ते पुसून टाकते.

ध्यानात ठेवण्याच्या गोष्टी

१. शस्त्रक्रियेच्या दिवशी वजन करून लिहून ठेवावे.
२. टाके भरून येताच खुराक चौथ्या हिश्श्याने कमी करावा. भाकरी-भात घटवून डाळ-अंडे ठेवावे.
३. दिवसाचे अन्न एका डब्यात ठेवावे व सर्वांनी त्यातूनच घालावे.
४. दर महिन्यास वजन करावे व बरगड्या हाताने तपासाव्यात.
५. रोज सकाळ-सायंकाळ बरोबर फिरवावे.
६. कांदा, लसूण, द्राक्षे, बेदाणे, शिजलेली हाडे व बुरशी आलेले अन्न देऊ नये.
७. रेबीजची लस दरवर्षी टोचून घ्यावी.

यांपैकी कोणत्याही गोष्टीस पैसे पडत नाहीत असे नाही, परंतु जो खर्च आहे तो थोडा आहे, आणि रोजची एक भाकरी वाचते ती वेगळीच. शेतकरी बंधूंनी आपल्या वस्तीवरील कुत्र्याच्या बरगड्यांवरून आजच हात फिरवून पाहावा. जो सोबती रात्रभर जागून आपले घर राखतो, त्याच्या खाण्याचा हिशेब आपण दिवसातून एक वेळ राखावा, एवढी अपेक्षा फार नव्हे.